कंसातलं कोणीतरी

१

तानसेन होता आलं नाही तर माणसानं निदान कानसेन तरी व्हावं, असं म्हणतात. ती झाली होती, आणि त्याबद्दल तिला पगारही मिळत होता. ऑफिसात सगळे तिला कानसेनच म्हणायचे. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते ओळखपत्र कायम उलटं लटकलेलं असायचं.

काम असं की टीव्हीवरच्या मालिकांखाली जी अक्षरं येतात ती लिहायची, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. संवाद उतरवणं सोपं. खरी मेख कंसात होती. (दार आपटतं.) (दूर कुत्रं भुंकतं.) (सासू सुस्कारा टाकते.) कुठला आवाज घ्यायचा आणि कुठला सोडायचा, यात तिचा हात धरणारं ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

अलीकडे धडधाकट कानांचे लोकसुद्धा अक्षरं वाचूनच मालिका बघायला लागले होते. नट पुटपुटायचे, त्यावर संगीत बदाबदा ओतलेलं असायचं, आणि बघणाऱ्याचा एक डोळा हातातल्या फोनवर. म्हणून मग एकच थप्पड तीन बाजूंनी तीनदा दाखवायची, आणि तिन्ही वेळा निरभ्र आकाशात (वीज कडाडते). कथेतल्या माणसांना जिना उतरायला आठवडा लागायचा. "लोक आता टीव्ही बघत नाहीत गं," विभागाच्या मोठ्या बाई म्हणायच्या. "टीव्ही चालू असतो आणि लोक घरात असतात, एवढंच." हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. फार जीव ओतू नकोस, फाइल पुढे सरकव, असा त्याचा अर्थ.

पूर्वी ती अख्खा भाग ऐकून लिहायची. आता पहिला खर्डा यंत्र काढायचं आणि ही त्याच्या चुका निस्तरायची. यंत्राला आवाज ओळखता आला नाही की ते लिहायचं "कोणीतरी". (कोणीतरी हसतं.) (कोणीतरी जिना चढतं.) मग हिनं सांगायचं, बाबा रे, ही मोठी जाऊ. एकदा सांगितलं की त्या आवाजाला ते जिथेतिथे मोठी जाऊच म्हणायचं. आणि एखादा आवाज बरेच दिवस कानावर पडला नाही की साफ विसरायचं. परगावी गेलेला काका मालिकेत परत आला की यंत्राच्या लेखी तो पुन्हा कोणीतरी. "आमच्या नातेवाइकांसारखंच आहे मेलं," बाई म्हणायच्या. नियम मात्र कडक होता. प्रक्षेपणाला जाणाऱ्या फाइलमध्ये "कोणीतरी" हा शब्द राहता कामा नये. ऐकू न येणाऱ्या माणसाला तो शब्द दिसला की तो मान वळवून मागे बघतो.

या धंद्यातली एक चूक याच धंद्यातली माणसं करू जाणोत. आवाज हेडफोनच्या आतला, की बाहेरचा, आपल्या खोलीतला? एकदा एका नव्या मुलीनं आजोबांच्या मृत्यूच्या प्रसंगात (घरघर वाढत जाते) असं लिहिलं. ती घरघर ऑफिसातल्या कूलरची होती. प्रसंग तसाच गेला आणि लोक म्हणे हमसून हमसून रडले. तेव्हापासून कानसेनला सवय लागली होती: जराशी शंका आली की हात कानाकडे जायचा आणि हेडफोनची एक बाजू उचलायचा. आतला की बाहेरचा? मग पुढे.

२

घरी तिचे बाबा होते. आयुष्यभर त्यांनी बस चालवली, इंजिनाला खेटून बसून. "डोळे अजून नोकरीत आहेत," ते सांगायचे, "कान तेवढे निवृत्त झाले." कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यानं डोक्यात शिट्या वाजतात म्हणून ते कपाटात जाऊन पडलं.

दिवसभर ते टीव्हीसमोर बसायचे, आवाज पूर्ण बंद करून. जगात मालिका मन लावून बघणारा एकच माणूस उरला असेल तर तो हा, असं कानसेनला वाटायचं. फोन नाही, डुलकी नाही. संवाद वाचायचे, कंस वाचायचे, आणि ती घरी आली की हिशेब मागितल्यासारखे विचारायचे, "अगं, काल ती कपबशी फुटल्याचं लिहिलंत, आणि फुटलेली दाखवलीच नाही!"

बाप-लेकीचं बोलणं म्हणजे एवढंच, आणि तेही एकतर्फी. सुरुवातीला ती त्यांच्या कानाशी जाऊन ओरडायची. मग ओरडून घसा बसायला लागला, तशी खुणांवर आली. अंगठा ओठांकडे नेला की चहा. तळहातावर टिचकी मारली की गोळी. दोन्ही हात गालाखाली घेतले की झोपा आता. खुणांनी सगळं भागत होतं. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे आवाज निवडून घरी आल्यावर तिला स्वतःचा आवाज काढायचा कंटाळा यायचा. घरात तिचा आवाज असा उरलाच नव्हता. कधी पायाला ठेच लागली तर तेवढा.

एका संध्याकाळी ती चपला काढत असताना बाबा म्हणाले, "आज तुझ्या मालिकेत कोणीतरी खोकलं. कोण ते शेवटपर्यंत दाखवलं नाही."

तिनं हातानंच विचारलं, काय?

"कोणीतरी खोकतं. असं लिहून आलं होतं. कंसात."

तिला आधी राग आला, भीती नाही. तिच्या फाइलमध्ये तो शब्द?

३

दुसऱ्या दिवशी तिनं तो भाग काढून ऐकला. प्रसंग बागेतला होता. दोघी जावा, फुलझाडं, सतार. खोकला नव्हता. फाइलमध्ये तो शब्द नव्हता आणि यंत्राच्या कच्च्या खर्ड्यातही नव्हता. बाई म्हणाल्या, "म्हातारं माणूस आहे, लागला असेल डोळा." तिला ते पटलं. पटवून घेतलं, असं म्हणू.

त्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरात दूध तापवत होती. पातेल्यावरचं झाकण उचलताना चटका बसला, झाकण हातातून सुटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. बाहेरून बाबांचा आवाज आला, "काय पाडलंस गं?"

ती तशीच उभी राहिली. मधल्या बोटावर फोड येत होता, पण ती बाबांच्या प्रश्नाकडेच कान लावून होती. चार वर्षांत त्यांनी घरातला एकही आवाज ऐकला नव्हता.

ती बाहेर आली. पडद्यावर एक बाई गाडीत बसून रडत होती. गाडीत झाकण कुठून येणार? पण खाली अक्षरं होती, तिच्याच कामातल्या पांढऱ्या अक्षरांसारखी: (स्वयंपाकघरात झाकण पडतं.) तिनं पुरती वाचण्याआधीच ती ओळ गेली. मागे नेऊन पाहिलं तर तिथे (बाई हुंदका देते) एवढंच होतं, तिनं स्वतः लिहिलेलं.

"हे बेस्ट केलंत तुम्ही लोकांनी," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "आता घरातलंही देता. मला घर ऐकू येतं गं!"

तो चेहरा बघून तिला काही सांगवेना. आणि सांगणार काय, कुठल्या खुणेनं? पुढचे काही दिवस बाबा वेगळेच झाले. (दारावरची घंटा वाजते) आलं की ताठ उठून दार उघडायचे. इस्त्रीवाला चकित, आणि यांची मान वर. (मुलगी नळ बंद करते.) (मुलगी जांभई देते.) "दमलीस ना आज?" ते विचारायचे. तिची जांभई वाचणारा माणूस घरात आहे, हे तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तिनं घाबरायला हवं होतं. पण ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाला भीतीसुद्धा उद्यावर ढकलता येते. तिनं मनाशी कारणं जुळवली. सगळ्या मालिकांत स्वयंपाकघर असतं, सगळ्या घरांत झाकणं पडतात, योगायोग म्हणून काही असतं की नाही? फक्त अधूनमधून तिसरीच ओळ यायची आणि तेव्हा तिची कारणं अपुरी पडायची. (आतल्या खोलीत कोणीतरी खोकतं.) (कोणीतरी कपडे घडी करतं.)

आतली खोली तिचीच. ती दारात जाऊन उभी राहिली. पलंग, कपाट, खुर्चीवर टाकलेला तिचा फुलाफुलांचा गाउन. तिनं श्वास धरून ऐकलं, पगार मिळतो त्या कानांनी ऐकलं. काही नव्हतं. गाउन आपण सकाळी घडी करून ठेवला होता की असाच टाकला होता, हे तिला आठवेना.

४

रविवारी दुपारी दादा आणि वहिनी आले. दादा तिचा थोरला भाऊ. येताना फळं आणायचा आणि जाताना सल्ला देऊन जायचा. बाबांच्या पाया पडून झाल्यावर तो तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि दार लोटलं. भिंतीला कान असतात म्हणून नव्हे. बाबांच्या तोंडावर हे बोलवेना म्हणून.

"त्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झाली आहे," तो म्हणाला. "चांगली जागा आहे. हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे."

"आवाज मोठा ठेवतात का?" तिनं विचारलं. कितीतरी दिवसांनी या घरात तिनं एक पूर्ण वाक्य उच्चारलं होतं.

"आता ते मला काय माहीत? तू असं बघ. परवा तुझ्या वहिनीनं त्यांना व्हिडिओ कॉल लावला होता तर म्हणाले, आतल्या खोलीत कोण खोकतंय बघा. हे लक्षण बरं नाही. उद्या तू ऑफिसात असताना गॅस चालू राहिला तर?"

"आम्ही नेलं असतं हो वन्सं," वहिनी म्हणाल्या, "पण आमच्याकडे जागा..."

"माहीत आहे, वहिनी."

"मग? हो का नाही ते सांग," दादा म्हणाला. "ते खाट अडवून ठेवणार नाहीत."

तिच्या मनात नाही होतं. पण त्यामागे इतके दिवस होते, इतक्या गोळ्या, इतक्या खुणा, सकाळी सहाचं दूध, ती कामावर असताना घरी काय चाललं असेल याचा घोर. त्या सगळ्यानं मिळून तिच्या तोंडून शब्द काढला. "हो," ती म्हणाली. हळू म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या वहिनींनाही दोनदा विचारावं लागलं.

बाहेर आली तेव्हा बाबा पडद्याकडेच बघत होते. दादा-वहिनी गेल्यावरही ते तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "हो म्हणालीस ते वाचलं."

ती त्यांच्या पायाशी बसली. खूण सुचेना.

"जाईन मी. त्यात काय. ड्रायव्हरला डेपो बदलायची सवय असते." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एवढंच सांग, आत तुम्ही तिघंच होता ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग रडलं कोण? तू हो म्हणालीस, आणि लगेच खाली आलं, कोणीतरी रडतं."

तिघांतलं कोणीच रडलं नव्हतं. ती तर नाहीच. तिच्यात तेवढं त्राण नव्हतं.

५

पुढचा आठवडा कामाचा डोंगर. मालिकेचा एक तासाचा विशेष भाग होता, म्हणजे नेहमीचाच भाग दुप्पट थप्पडांसह. बाई मिनिटामिनिटाला डोकावून जात होत्या. "ऐकत काय बसलीस, कानसेन? कोण ऐकतंय घरी? उरक!"

तिनं उरकायला घेतलं. हेडफोन कानांवर होते, पण आवाज तिनं बारीक करून टाकला होता, आणि डोक्यात उद्याचं चाललं होतं: बाबांची बॅग, औषधं, सकाळी दादा गाडी घेऊन येणार. पडद्यावर यंत्राचे प्रश्न एकामागून एक येत होते आणि ती उत्तरं निवडत होती. कोणीतरी म्हणजे कोण? मोठी जाऊ. कोणीतरी म्हणजे कोण? डॉक्टर.

(कोणीतरी खोकतं. कोणीतरी कपडे घडी करतं. कोणीतरी रडतं.) कोणीतरी म्हणजे कोण?

मालिकेत एक मुलगी होती, सदा रडणारी. यादीत पहिलंच नाव होतं. तिनं बोट टेकवलं: मुलगी.

फाइल गेली. तीनेक फाइली आणखी गेल्यावर तिचा हात आपसूक कानाकडे गेला, हेडफोनची एक बाजू उचलायला, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मघाशी तो गेलाच नव्हता. त्या तीन ओळी तिनं ऐकल्या नव्हत्या. नुसत्या वाचल्या होत्या, तेही अर्धवट, सगळं जग वाचतं तसं. ती घाईनं मागे गेली. त्या भागात तशा ओळी नव्हत्या. फक्त कोपऱ्यात यंत्राचा नेहमीचा निरोप होता: आवाज लक्षात ठेवला.

६

ती लवकर निघाली. वाटेत तिनं ठरवून टाकलं, आणि ठरल्यावर इतकं हलकं वाटलं की हे आधीच का केलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. रस्त्यातूनच तिनं दादाला फोन लावला.

"उद्या येऊ नकोस. बाबा कुठे जाणार नाहीत."

"अगं पण मघाशी तर तूच..."

"मघाशी? मी आत्ता करतेय फोन."

"मघाशी घरच्या फोनवरून नाही का केलास? हेच म्हणालीस की. बरी होतीस आवाजावरून. झोप झाल्यासारखी." दादा वैतागला. "एकदा सांगितलंस ना, कळलं मला. ठेवतो."

ऊन अजून गेलं नव्हतं. जिन्यात शेजाऱ्यांच्या दारांआडून चार टीव्ही चार गोष्टी सांगत होते. ती धावतच वर गेली, दार उघडलं. बाबा खुर्चीत होते. त्यांची भरलेली बॅग कोणीतरी रिकामी केली होती. सदरे घडी होऊन परत फळीवर गेले होते. टीव्ही चालू होता, बिनआवाजाचा, आणि पडद्याखाली अक्षरं आली.

(कोणीतरी दार उघडतं.)

बाबांनी मान वळवली. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि खूण न करता, मोठ्यानं, घसा फाडून म्हणाली, "बाबा, मी चुकले! तुम्ही कुठे जात नाही!"

(कोणीतरी ओरडतं.)

बाबांनी ते वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं, बसमध्ये चुकीच्या थांब्यावर चढलेल्या माणसाकडे पाहावं तसं, थोड्या काळजीनं. "बसा ना," ते म्हणाले. "तुम्ही कोणाकडे आलात?"

आयुष्यात त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. दादा म्हणत होता तेच हे लक्षण, ती स्वतःला बजावू लागली. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, डॉक्टरला दाखवू, उपाय असतात. तिनं अंगठा ओठांकडे नेला, तळहातावर टिचकी मारली. बाबा संकोचून हसले. त्यांचे डोळे पुन्हा पडद्याकडे गेले.

(मुलगी आतून हाक मारते.)

"आलो गं!" म्हणत ते उठले. "तुम्ही बसा. माझी मुलगी आहे आत. चहा टाकायला सांगतो."

तिनं त्यांचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, परक्या बाईचा सोडवावा तसा. आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि तिथून आवाज आला, "या बाबा. सावकाश."

तिचाच आवाज होता. फक्त त्यात थकवा नव्हता. कानसेनचा हात कानाकडे गेला, हेडफोनची एक बाजू उचलायला. बोटांना नुसता कान लागला. आतला आवाज होता.

बाबा आत गेले. दाराच्या कडेवर चार बोटं आली, वर फुलाफुलांची बाही, आणि मधल्या बोटावर चटक्याचा डाग. मग दार लागलं.

ती दारावर धडका देऊ लागली. पलीकडे बोलणं चाललं होतं, दोन माणसांचं, घरातल्या घरात चालतं तसं. एक विचारत होतं आणि दुसरं उत्तर देत होतं. बाबा हसले. त्यांना ऐकू येत होतं.

"बाळ," ते म्हणाले, "दाराशी कोणीतरी आहे बहुतेक."

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "टीव्हीतलं असेल."